वस्तीला आलेली माणसं

दहिवडीच्या स्टँडवरून मुंबईची गाडी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत बाजरीचं पीठ, हुलगे आणि शेंगदाण्याची चटणी होती आणि मन अगदी प्रसन्न होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की बाई भांडायच्या तयारीनेच निघाल्या होत्या. तसं नव्हतं. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाने, प्रशांतने, नवी मुंबईत कोपरखैरण्याला नवा फ्लॅट घेतला होता. "आत्या, आठ दिवस ये, आराम कर," म्हणून तो मागे लागला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आराम या शब्दाचाच मला कंटाळा आला आहे. पण खाडी बघायची होती, रोहित पक्षी बघायचे होते, आणि हिवाळ्यात तिकडे बरं असतं म्हणतात, म्हणून निघाले.

पनवेल मागे पडलं की उजव्या हाताला पारसिकचा डोंगर दिसायला लागतो. आपल्या माण तालुक्यातल्या डोंगरांसारखा बोडका नाही, पण जागोजागी खाणींनी कुरतडलेला. त्याच्या पायथ्याशी काचेच्या इमारती आणि रुंद, सरळ रस्ते. सगळं आखून, मोजून केलेलं शहर. मास्तरीण असल्यामुळे मला आखलेलं काहीही आवडतं. वाशीला उतरेपर्यंत मी या शहरावर खूश होते.

वाशीला मला न्यायला येणारा प्रशांत ट्रॅफिकमध्ये अडकला होता. गुडघा ठणकत होता, म्हणून बाकावर बसले आणि पाय वर घ्यायला गेले, तर बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा. गुडघा त्यावरच आपटला. मग पुलाखाली सावली दिसली, तिकडे गेले. तिथली जमीन म्हणजे सिमेंटमध्ये टोकं वर करून बसवलेले दगड. बसणं सोडाच, पिशवीही उभी राहीना, आणि माझ्या लुगड्याचा काठ तिथे अडकून टर्रकन फाटला. मला वाटलं, गवंड्याने काम अर्धवट टाकलंय. शेजारी एक जण शहाळी विकत होता, त्याला विचारलं, "हे गुळगुळीत करायचं राहिलंय का हो?"

तो हसला. "नाय मावशी, काम पूर्ण हाय. कोनी झोपू नये म्हनून लावलेत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. माणसाने आडवं होऊ नये म्हणून कुणीतरी दगड निवडले असतील, टोकं वर येतील असे एकेक बसवले असतील, आणि दुसऱ्या कुणीतरी ते काम तपासून पास केलं असेल. शहाळं घेतलं, पण ते गोड लागलं नाही.

प्रशांतचं घर मात्र छान आहे. त्याची बायको मनाली कामाची आणि लाघवी. तिने संध्याकाळी माझ्या पिठाची भाकरी करायचा प्रयत्न केला, ती तुटली, आम्ही हसलो आणि चुरून दुधात खाल्ली. गॅलरीतून खाली सार्वजनिक बाग दिसते. मधोमध एक छत्री आहे, म्हणजे चार खांबांवर छप्पर आणि खाली फरशीचा ओटा. सोसायटीने ती बाग दत्तक घेतली आहे, असं प्रशांतने अभिमानाने सांगितलं. बागसुद्धा दत्तक जाते हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून बागेत उतरले. छत्रीखाली एक बाई खराट्याने ओटा झाडत होती. बाजूला नीट बांधलेली वळकटी, एक पत्र्याचा डबा, आणि खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा, अंगावर घोंगडी. ती घोंगडी पाहूनच मला गावाकडचा वास आला. बाई मला पाहून लगबगीने बाजूला झाली.

"बसा बाई, झाडलंया मी. आमी आता हलतूच."

"कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

तिने गाव सांगितलं. आमच्या गावापासून दोन ओढे ओलांडले की लागतं ते गाव. मी माझं सांगितलं. मग काय विचारता! तिने खराटा टाकला आणि माझे दोन्ही हात धरले. तिचं नाव पारूबाई. नवरा नामदेव. दोघं इथल्या नाक्यावर उभी राहायची (नाका म्हणजे बांधकामाचे मजूर सकाळी कामाच्या आशेने जमतात तो चौक). जवळच्या बोनकोडे गावात चाळीत त्यांची खोली होती. मग नामदेव परांचीवरून पडला, कंबर गेली. आणि त्यातच टॉवर बांधायला म्हणून ती चाळ पाडली. एकटीच्या हजेरीवर दुसरी खोली परवडेना.

"मग इथं कसं?"

"वस्तीला हाय जी," ती सहज म्हणाली. "नळ हाय, संडास हाय. ह्येंला सपाट जागा लागती, पायऱ्या चढवत न्हाईत. दिसभर ह्ये हितंच बसत्यात, राखणदार ध्येन ठेवतो, म्हून मी कामाला जाऊ शकती. न्हाईतर ह्येंला कुटं टाकू?"

वस्तीला हाय. किती दिवसांनी ऐकला हा शब्द! तुम्हाला अर्थ सांगायला नको. शेवटची एसटी वस्तीला येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत पथारी पसरतात. मेंढरांचा वाडा कुणाच्या तरी रानात वस्तीला उतरतो आणि रानाचा मालक उलट त्यांना धान्य देतो. कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पारूबाईच्या तोंडी तो शब्द इतका घरगुती होता, की ती बागेत झोपते हे काही क्षण माझ्या लक्षातच राहिलं नाही.

बागेत फेऱ्या मारणारे एक गृहस्थ थोडे लांब थांबून आमचं बोलणं ऐकत होते. पांढरे बूट, गळ्यात टॉवेल. ते सोसायटीचे चेअरमन देसाई, हे मला नंतर कळलं.

त्याच दुपारी बोनकोड्याला गेले. मनात होतं, पारूबाईला खोली बघावी. उंच सोसायट्यांच्या मधोमध हे जुनं गाव अजून तग धरून आहे. गल्ल्या अरुंद, भाड्याने द्यायला वर मजल्यावर मजले चढवलेले, आणि दारात वाळत घातलेला जवळा (सुकवलेली अगदी बारीक कोळंबी). एका आगरी आजीच्या ओट्यावर टेकले. नाव जनाबाई. तिने ओळखदेख नसताना तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे केली. चटणी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, पण मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

बागेचा विषय काढला तर आजी म्हणाली, "ती बाग हाय ना, तिथं आमचा खला व्हता" (खला म्हणजे भात झोडायचं खळं). "भात झोडाय लागला की आमी सगली तिथंच निजायचो. वाटेनं कोनी जानारा आला तं तो पन निजायचा. तेवडीच राखन."

"मग आता तिथं एक म्हातारा-म्हातारी झोपतात, त्यांना द्या की एखादी खोली."

आजीने मान खाली घातली. "पोरं ठरवतान बाय सगला. मना कोन इचारतं? आनि आजारी मानसाला खोली नाय देत ती. कटकट नको बोलतान."

मला चटणीपेक्षा हे जास्त झोंबलं. ज्यांच्या खळ्यावर वाटसरू निजायचा, त्यांच्या पोरांना आजारी माणूस कटकट वाटतो. पण आजीवर रागवायला जीव होईना. निघताना तिने जवळ्याची पुडी बांधून दिली, ती मी निमूट घेतली.

पुढच्या दिवशी प्रशांतने मला खाडीवर नेलं. भरती ओसरली होती. चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा उतरला होता, लांबून पाहिलं तर कुणी गुलालाची मूठ उधळून गेलंय असं वाटत होतं. मी खरंच हरखून गेले. तिथे एक फलक होता, पक्षी दुरून येतात, ही त्यांची विसाव्याची जागा आहे, गोंगाट करून त्यांना उठवू नका. बरोबरच आहे. पक्ष्यांचा मला राग नाही. पण दुरून येऊन विसावणारी माणसंही असतात, त्यांच्यासाठी टोकदार दगड, हे मी प्रशांतला म्हटलं तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"आत्या, तू काल त्या बागेतल्या बाईशी बोलत होतीस का?"

सोसायटीच्या ग्रुपवर देसाईंनी लिहिलं होतं, 'बागेत वस्ती होत आहे. त्या बाईने स्वतः कबूल केलं आहे.' त्याखाली सगळ्यांची घाबरगुंडी. आज वस्ती, उद्या पत्रे, परवा वीजजोडणी. फ्लॅटचे भाव पडतील. आपल्या सेक्टरची झोपडपट्टी होईल. मला आधी समजेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. या शहरात वस्ती म्हणजे झोपडपट्टी. पारूबाई म्हणाली होती, मी रात्रीपुरती उतरले आहे. यांनी ऐकलं, मी इथे झोपड्या घालणार आहे.

मी तर हसूच लागले. म्हटलं, एवढंच ना? शब्दाचा घोटाळा आहे, मी निस्तरते. आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आले, मोठ्यांना सांगायला काय जड जातंय?

संध्याकाळी इमारतीखाली गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. देसाई माणूस वाईट नव्हे, आवाज चढवत नाही, सगळ्यांचं ऐकून घेतो. "मॅडम, इश्यू असा आहे," ते म्हणाले, "बाग लहान मुलांची आहे. बायका एकट्या फिरायला येतात. आज हे दोघं साधे असतील, उद्या दारुडे आले तर आम्ही कुणाला जाब विचारायचा?" हे अगदीच खोटं नव्हतं. मी मान डोलावली. मग माझी पाळी आल्यावर उभी राहिले.

मी छान बोलले. उगीच लाजणार नाही, खरंच छान बोलले. आमच्याकडे वस्तीची गाडी कशी असते, मेंढपाळ कसे उतरतात, देवळाची ओवरी कुणाच्या मालकीची नसते, सगळं सांगितलं. "वस्ती म्हणजे झोपडपट्टी नव्हे. वस्ती म्हणजे रात्रीचा मुक्काम. रात्रीपुरतं टेकायचं आणि सकाळी निघायचं. ती बाई रोज सकाळी तुमचा ओटा झाडून ठेवते, तुमच्या आधी उठते. तिला जागा बळकावायची नाही, फक्त पाठ टेकायची आहे."

लोक हसले, चांगलं हसले. एक दोघी जणी "किती गोड शब्द आहे," असंही म्हणाल्या. मला वाटलं, जिंकलं. देसाईंचा चेहराही मोकळा झाला.

"फार बरं झालं मॅडम, तुम्ही क्लिअर केलंत," ते म्हणाले. "म्हणजे एका रात्रीचाच प्रश्न होता. आम्ही उगाच टेन्शन घेतलं. मग आजची रात्र राहू दे त्यांना, आपण काही माणुसकी सोडलेली नाही. उद्या सकाळी जातील. संध्याकाळपासून गेटला कुलूप."

टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, एक रात्र म्हणजे," मी सुरुवात केली, पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. "तुम्हीच तर सांगितलंत ना, सकाळी निघायचं," कुणीतरी जाता जाता म्हणालं. माझ्याच तोंडचा शब्द उचलून त्यांनी त्या बाईच्या गळ्यात अडकवला, आणि वर मला थँक्यू म्हणून गेले. झोपडपट्टीच्या भीतीने हाकलायला त्यांना थोडी तरी लाज वाटली असती. आता लाज न वाटण्याची सोयही मीच करून दिली होती.

घरी आल्यावर सगळा राग प्रशांतवर निघाला. "इथे खाली गाड्या झोपतात. त्यांच्यामध्ये दोन माणसांची वळकटी मावत नाही?"

"आत्या, नियम आहेत गं."

"तुझा बाप वाशीच्या बाजारात पोती उचलायचा तेव्हा कुठे झोपायचा, ठाऊक आहे ना तुला? गाळ्यात, पोत्यांवर! व्यापाऱ्याने नियम दाखवला असता तर आज तू कुठे असतास?"

मनाली आतल्या खोलीत निघून गेली. प्रशांतने मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाला, "ठाऊक आहे म्हणूनच, आत्या. ती वळकटी बघितली की मला बाबा दिसतात. नाय बघवत मला."

"बघवत नाही म्हणून दारातून उठवायचं?"

माझं त्याच्यावर प्रेम आहे, पण हे मी त्याला माफ केलेलं नाही, आणि हे छापून आल्यावर त्याने वाचलं तरी हरकत नाही.

सकाळी खाली गेले तेव्हा पारूबाई गाठोडं बांधत होती. ओटा झाडून झाला होता. राखणदाराने तिला सगळं सांगितलं होतं, मी काय बोलले तेसुद्धा. मला तोंड वर करवेना.

"पारूबाई, मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"तुमी बरूबरच सांगितलंत बाई. वस्ती एका रातीचीच असती." तिने गाठ आवळली. "आमचीच रात लांबली, त्याला तुमी काय करनार?"

"चला माझ्याबरोबर गावाला. घर आहे ना तुमचं?"

"भित्ती हाईत की. पर भित्ती खायाच्या का? पाऊस न्हाई, रान पडीक. हितं निदान नाका हाय." मग नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पर आता ह्येंच्यापाशी कोन बसनार? ह्येंला रस्त्यावर टाकून नाक्यावर कशी उभी ऱ्हाऊ?"

आता तिची हजेरीही बुडणार होती. एका कुलपाने तिचा निवाराही गेला आणि हाताला मिळणारं कामही. सभेत हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही सांगायचं विसरले होते, शब्दाचा अर्थ सांगण्याच्या नादात.

"कुठे जाणार?"

"महाप्याकडं बगतू. तितं कंपन्यांच्या भित्ती लांबलांब हाईत म्हन्त्यात. कुटंतरी कोपरा घावंल."

मी पिशवीतली चटणी आणि जवळ्याची पुडी तिच्या गाठोड्यात कोंबली. दुसरं काही सुचलं नाही. ती गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली, नामदेव तिच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत मागे. गेटपाशी ती थांबली आणि परत फिरली.

"बाई, गावात माझी भन भेटंल तुमास्नी बाजारात. तिला म्हनावं, पारी बरी हाय. जागा मिळाली म्हून सांगा. तिचा जीव लई कच्चा हाय."

आठ दिवस राहायला गेलेली मी त्याच दुपारी परत निघाले. प्रशांत वाशीपर्यंत सोडायला आला. मी उभीच राहिले गाडी येईपर्यंत. बस डोंगराला वळसा घालून निघाली तेव्हा मला ते सरळ रस्ते, ती आखीव झाडं, काही बघवेना. इतकी जागा! रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, बागांतून, इतकी मोकळी जागा आणि ती कुणी वापरू नये म्हणून इतकी मेहनत. सार्वजनिक म्हणजे सर्वांचं, असं मी शाळेत शिकवत आले. त्या सर्वांमध्ये देसाई येतात, त्यांचे पांढरे बूट येतात, पारूबाई येत नाही. माणूस झोपल्याशिवाय राहू शकत नाही. ज्याला घर नाही तो बाहेरच झोपणार, आणि बाहेर झोपायचं नाही म्हटलं की त्याने असूच नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हे त्या सभेत बोलायला हवं होतं. शब्दाचा अर्थ नाही, हा अर्थ सांगायला हवा होता.

बाजाराच्या दिवशी तिची बहीण भेटली. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "बाई, तुमी तिकडं गेला व्हता म्हनं. आमची पारी घावली का वो? जागा मिळाली का तिला?"

"मिळाली," मी म्हणाले.

"चांगली हाय?"

"हवेशीर आहे."

तिने देवाला हात जोडले. मी मेथीची जुडी घेतली आणि घरी येऊन स्वतःवरच चिडून हे लिहायला बसले. पारूबाई हे तिचं खरं नाव नाही. नाव, गाव, नातं, सगळं बदललं आहे, तेव्हा ती कोण हे शोधू नका. पण तुमच्या घरातलं कुणी त्या बाजूला कामाला गेलं असेल आणि जागा मिळाली असा निरोप आला असेल, तर आज त्यांना फोन लावा आणि विचारा, जागेला दार आहे का. उत्तर यायला वेळ लागला तर फोन ठेवू नका.